प्रेमात पडलात तरी कंडक्टरला कळणारच!

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की पंधरा-सोळाच्या पोरांनी वाचावी अशी हलकीफुलकी, घरातली, थोडी प्रेमातली, हसवणारी कादंबरी कोकणातल्या कुणीतरी लिहायला घ्या रे, आणि अडलात की मला विचारा. वाटलं पाच-सहा पत्रं येतील. परवा पोस्टमनने पिशवीच ओट्यावर उपडी केली आणि म्हणाला, काय हो, घरात लग्न काढलंत की काय. व्हॉट्सॅपवर आलेलं वेगळंच. सगळ्यांना उत्तरं देणं माझ्या हातून होणार नाही, तेव्हा आठ जणांचं घेतलंय. नावं कुणाचीच छापत नाहीये, तुम्हाला त्याच गावात राहायचंय.

आणि आधीच सांगते, आलेल्या पानांपैकी निम्म्याहून जास्त पानं सूर्यास्ताने सुरू होतात. मी समुद्राच्या काठी जन्म काढला, रोज सूर्यास्ताच्या वेळेला आम्ही वाळत घातलेले कपडे नाहीतर सुकट आत घेत असतो. त्यामुळे या सदरापुरती सूर्यास्ताला बंदी.

ताई, मी अकरावीत आहे. माझ्या कादंबरीची नायिका माझ्याच वयाची आहे पण आमच्या गावात काही घडतच नाही, म्हणून मी तिला पुण्याच्या कॉलेजात पाठवलं, तिथे ती कॅफेत एका मुलाला भेटते. मैत्रीण म्हणते सिरीयल वाटते. काय करू? सोबत पहिली वीस पानं पाठवतेय.
— गुहागर तालुका

मैत्रीण शहाणी आहे, तिला सोडू नकोस. अगं, तू पुण्याच्या कॅफेत किती वेळा गेलीयेस? पानं वाचून मला तरी वाटतं एकदाच, आणि मेनूकार्डावरचे आकडे बघून पाणी पिऊन बाहेर आलीस. कारण कॅफे तू दोन ओळीत आटपलायस, आणि नायिका पुण्याला जायला पहाटेची एसटी पकडते ते सव्वा पान लिहिलंयस, कोंबडीची टोपली, खिडकीची निसटलेली काच, पुढच्या सीटवरच्या काकूंनी मागे वळून केलेली चौकशी सगळं आलंय त्यात. ते सव्वा पान मी दोनदा वाचलं.

काही घडत नाही म्हणतेस, पण तुला म्हणायचंय की लपून काही घडत नाही. मग झालं की, तीच तुझी कादंबरी! शहरात दोघं बागेत बसली तर कोण बघतो? म्हणून तिथे लेखकाला मुद्दाम पैसेवाला बाप आणावा लागतो, अ‍ॅक्सिडेंट करावा लागतो. तुमच्याकडे एक मुलगा एका मुलीच्या मागून पाखाडी उतरला तरी दिवेलागणीपर्यंत तीन वाड्यांना खबर, आणि खबर देणारी माणसं दुष्ट नसतात ग, ती नुसती ओटीवर बसलेली असतात. 'कोणाची गो तू?' असं एकदा विचारलं आणि तू बापाचं नाव सांगितलंस की तुझ्या आजोबांनी कुणाचा फणस न विचारता काढला होता इथपासून तुझे गणितातले मार्क इथपर्यंत त्यांना पाठ असतं. अशा गावात 'मला तू आवडतेस' हे तीन शब्द एका माणसाला एकट्याला गाठून सांगायचे ही केवढी मोठी मोहीम आहे बघ.

एसटीचंच घे. शाळकरी मुलींना पास फुकट, मुलांना सवलतीत, म्हणजे एकतृतीयांश भाडं खिशातून. आता समज एक मुलगा आहे, ज्याचं घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर, आणि तो एका सोमवारी घरी सांगतो की मला पास काढायला पैसे द्या. बाप विचारणार कशाला. तो म्हणतो पुढच्या गावात इंग्लिशचा क्लास लावलाय. मग महिन्याभराने आई त्या क्लासच्या सरांना मासळीबाजारात गाठते आणि विचारते, काय हो सर, आमचा कसा करतो? सरांनी त्याला आयुष्यात बघितलेलं नाही. झाली ना तीन प्रकरणं? अजून दोघांनी एकमेकांना नाव पण विचारलेलं नाही.

आणि वस्तीच्या गाडीचा कंडक्टर तू अजिबात विसरू नकोस. रात्री गाडी गावातच मुक्कामाला, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपणार आणि जेवायला कुणाच्या तरी घरून आमटीभात येणार. तो तुझ्या नायिकेच्या घरून येऊ दे! दिवसभर मागच्या दोन सीटवर काय चाललंय ते एकट्याला दिसलेला माणूस रात्री तिच्याच बापाशेजारी मांडी घालून जेवतोय, आणि ती भात वाढतेय, आणि त्याच्या तोंडाकडे बघतेय की आता हा काय बोलतो. तो फक्त म्हणतो, वहिनी, आमटी फक्कड. एवढ्यावर एक अख्खं प्रकरण निघेल.

दोघांना धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीवर पण एकदा चढव. रस्त्याने जायचं तर चिपळूणवरून केवढा वळसा, बोटीने खाडी काही मिनिटात पार. म्हणजे मुलाकडे बोलायला तेवढीच मिनिटं आहेत, त्यात बाजूला नारळाचा टेम्पो, कुणाची तरी गाडी हॉर्न वाजवतेय, आणि बोटीवर नेमके भेटलेले मराठीचे सर. त्याला काही बोलता येत नाही आणि पलीकडचा धक्का येतो. परतीचं तिकीट काढून ठेवलेलंय त्याने. पुण्याला नंतर पाठव तिला, बारावीनंतर. तेव्हा तू पण गेलेली असशील.

माझी नायिका कुडाळची आहे आणि मालवणी बोलते. एका सरांनी सांगितलं, पुण्या-नागपूरच्या वाचकांना कळणार नाही, प्रमाण भाषेत लिही. तसं केलं तर ती आता बातम्या दिल्यासारखी बोलते.
— कुडाळ

सरांना नमस्कार सांग आणि तिला परत मालवणीत बोलू दे. 'आई, मी जरा बाहेर जाऊन येते' असं कुडाळची पोरगी आपल्या आवशीला कधी म्हणेल? ती चप्पल घालता घालता अंगणाच्या बेड्यापर्यंत पोचलेली असते आणि आतून आवाज येतो, 'खंय चललंस गो?'

पण एक कर, निवेदन साध्या बोली मराठीत ठेव आणि संवाद मालवणीत. वाचक हुशार असतो, दोन पानात त्याचा कान बसतो. माका, तुका, खंय, आवस, बापूस एवढं कुणालाही अंदाजाने कळतं. जिथे शब्द फारच आडचा असेल तिथे दुसऱ्या पात्राला उत्तरातून उलगडू दे. कंसात अर्थ देऊ नकोस, हसू येत असताना मधेच कंस आला की विनोद तिथेच गार होतो.

आणि मालवणीतला सगळ्यात गोड गोंधळ तर तू वापरलेलाच नाहीस! आपल्याकडे 'चेडू', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी. 'तां खंय गेलां?' म्हणजे ती कुठे गेली. आता तुझा तो पुण्याहून आलेला आतेभाऊ आहे ना, त्याला ओटीवर बसव आणि आत बायका बोलतायत ते ऐकू दे, तां सकाळी ईला, तां रडता, तां काय खायना नाय. त्याला वाटतंय गाईचं वासरू आजारी आहे. तो बिचारा गोठ्यात जाऊन वासराला पेंढा घालून येतो, आणि ज्या मुलीसाठी तो आलाय ती आत रुसून बसलीय हे त्याला संध्याकाळी कळतं. हे प्रमाण भाषेत करून दाखवा म्हणावं सरांना.

दशावतार रात्रभर बसून बघितलायस की नाही? संवाद कुठे लिहिलेले नसतात, नट आयत्या वेळी बोलतात. राजा आणि देव जड जड पुस्तकी मराठीत, आणि हसवणारं पात्र आलं की मालवणी सुरू, आणि झोपलेली पोरं उठून बसतात. तुझ्या कादंबरीत हेडमास्तरांना राजासारखं बोलू दे. तेच हेडमास्तर घरी फोनवर आपल्या आईशी बोलताना मालवणीत घसरले पाहिजेत, आणि ते तुझ्या नायिकेने ऐकलं पाहिजे.

मॅडम, मी मूळचा राजापूरचा, राहतो ठाण्यात. माझ्या कथेत नायक गणपतीला ऐन वेळी ट्रेनचं रिझर्वेशन करून गावी येतो, स्टेशनवरून पाच मिनिटांत घरी पोचतो, झाडावरचा हापूस काढून नायिकेला देतो. कशी वाटली सुरुवात?
— ठाणे

साहेब, गावी शेवटचे कधी गेला होतात?

गणपतीचं रिझर्वेशन ऐन वेळी? आता आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि डोळा मिटून उघडेपर्यंत वेटिंग लागतं हे ठाण्यातल्या माणसाला मी सांगायचं का? तुमच्या नायकाला पहाटेचा अलार्म लावून मोबाईल घेऊन बसवा, शेजारी त्याची आई दुसऱ्या फोनवर, बाबा लॅपटॉपवर, आणि ओटीपी आजीच्या फोनवर येतोय आणि आजी अंघोळीला गेलीय. घरातली सगळी माणसं वाचकाला एका पानात कळतात. दुसरं, राजापूर रोड स्टेशनच्या नावात 'रोड' उगाच नाही, गाव चांगलंच लांब आहे. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण सुरू झाली तेव्हापासून आपली निम्मी माणसं स्टेशनवर उतरून पुढे घरी कसं जायचं याच विवंचनेत उभी आहेत. तिथे रिक्षा शेअर करावी लागते, आणि रिक्षात कोण बसतं? नायिका आणि तिच्या मांडीवर तिचा लहान भाऊ आणि भावाच्या मांडीवर चिबूड. पाच मिनिटांत पोचून कशाला घालवताय एवढा मोठा चान्स.

आणि भाद्रपदात झाडावर हापूस? अहो, मोहोर थंडीत येतो, आंबा मार्चपासून मेपर्यंत, पाऊस पडला की संपलं. गणपतीत द्यायचंच असेल तर परसातली काकडी द्या नाहीतर साठवून ठेवलेली आंबापोळी. माझं विचाराल तर काकडीच द्या. प्रेमात काकडी देणारा नायक मी अजून वाचलेला नाही.

हसण्यावारी नेऊ नका पण हं, कारण कोकणातल्या गोष्टीला हे वर्षच प्लॉट पुरवतं. मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस नायिकेचा बाप घरात! एरवी समुद्रावर असणारा माणूस दिवसभर पडवीत जाळी विणत बसलाय आणि येणाजाणाऱ्याला विचारतोय, खय चाललास? या 61 दिवसांत प्रेमपत्र घरात पोचवून दाखवा. नारळी पौर्णिमा आली, नारळ वाहिला, बाप समुद्रावर गेला की पोरीचा जीव भांड्यात पडतो आणि मग दोन दिवसांनी तीच किनाऱ्यावर उभी राहून बापाची होडी दिसते का बघतेय. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, आणि दहावीची परीक्षा बहुतेक वर्षी त्याच दिवसांच्या आगेमागे. पालखी दारात, ढोल वाजतोय, मुंबईचे सगळे भाऊ नाचतायत आणि तुमचा नायक माडीवर भूमिती घेऊन बसलाय. मालवणाकडे आंगणेवाडीची जत्रा, तिची तारीख कॅलेंडरवाला ठरवत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, म्हणजे तुमच्या पात्रांना भेटायचा दिवस आधी ठरवताच येत नाही. आणि तुमच्या राजापूरची गंगा तर काय बोलायलाच नको, कुंडांत आपोआप पाणी येतं ती, साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात पण येते तिच्या मर्जीने. दोघांनी महिनाभर खपून एकांतात भेटायचं जमवलं आणि त्याच दिवशी गंगा आली! घरात सतरा पाहुणे, अंथरुणं कमी, आणि नायिकेला गंगा दाखवायला आत्याबरोबर धाडली. तुमच्याच गावची गोष्ट आहे ही, ठाण्यात बसून आंबे कसले तोडताय.

किती पानांची लिहू? आणि कुठल्या वयासाठी म्हणायची, बालसाहित्य की मोठ्यांचं?
— रत्नागिरी

चाळीस हजार शब्दांच्या आसपास. पहिली असेल तर कमीच, तीस पण चालतील, पोरं कंटाळली की मिटून ठेवतात, उगाच मान ठेवत नाहीत.

वयाचं जरा अवघडच आहे. लहान मुलांसाठी आपल्याकडे बरंच आहे, बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून चालू आहे, साहित्य अकादमी 2010 पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते, तो 9 ते 16 वर्षांच्या वाचकांसाठीच्या पुस्तकांना. पण सोळा ते एकोणीसची पोरं? त्यांना पुस्तकांच्या दुकानात एकीकडे जंगलातले हत्ती-ससे, दुसरीकडे घटस्फोट आणि म्हातारपण. मधलं कपाटच नाही, म्हणून ती इंग्लिशच्या कपाटाकडे जातात आणि मग आपण म्हणतो मराठी वाचत नाहीत. कुमारांसाठी म्हण, किशोरांसाठी म्हण, काही म्हण, कव्हरवर फुगा काढू देऊ नकोस म्हणजे झालं.

मॅडम, माझी मुलगी दहावीला आहे. परवा दप्तर आवरताना तिची वही सापडली. अभ्यासाची समजून उघडली तर ती कादंबरी लिहितेय. त्यात एक मुलगा आहे हे वाचून पोटात गोळा आला. त्याहून वाईट म्हणजे त्यातली आई मीच आहे. ती सारखी ओरडते, टोमणे मारते, आणि फोनवर तासभर बोलते. मी अशी आहे का? ही पुस्तकं वाचून मुली बिघडतात का? वर्ष दहावीचं आहे.
— चिपळूण

दप्तर आवरताना. बरं.

रागावू नका, मला एक सांगा, वही किती वाचलीत? कारण फोनवर तासभर बोलणारी आई बहुतेक मधल्या भागात येते, म्हणजे तुम्ही बसून वाचलीत. आणि मला वाटतं एकदोनदा हसलात पण. नसाल हसला तर परत वाचा, म्हणजे वाचू नका, ठेवून द्या जिथे होती तिथे, चेन अर्धी उघडी होती का पूर्ण ते आठवून तशीच. दहावीच्या मुलीला चेनवरून कळतं.

तुमच्या मुलीने आई लिहिलीय कारण तिला दिवसभर दिसणारं सगळ्यात मोठं पात्र तुम्हीच आहात. सोळाव्या वर्षी आईला शहाणी-समंजस लिहिणारी मुलगी मला अजून भेटलेली नाही, भेटली तर मी तिच्या तब्येतीची चौकशी करेन. मी स्वतः नववीत एक वही लिहायचे, आमच्या माजघरात तांदळाच्या कणगीमागे लपवलेली. त्यातली आई राक्षसीण होती, हे इथे छापायला हरकत नाही कारण आई आता नाही आणि असती तरी तिने वर्गणी भरून हे वाचलं असतं. एक दिवस वही काढली तर सगळ्या पानांवर पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले. 'चिडखोर' चा चि मी दीर्घ लिहिला होता, तो तिने ऱ्हस्व केलेला. एक शब्द बोलली नाही कधी. मी आठ दिवस तिच्या नजरेला नजर दिली नाही आणि नवव्या दिवशी तिने मला खोबऱ्याची वडी देताना विचारलं, पुढे काय होतं ग तिचं? बस. तुम्ही पेन्सिल पण लावू नका, आताच्या मुलींना ते खपणार नाही.

त्या मुलाचं विचारताय तर, वहीत मुलगा आहे हे बरंच की. वहीतल्या मुलाला ती पाहिजे तिथे गप्प बसवू शकते. बिघडण्याचं म्हणाल तर आपण सगळ्यांनी या वयात काय काय वाचलं ते आपलं आपल्याला ठाऊक आहे, मासिकाला कव्हर घालून वाचलेलं पण. वर्ष दहावीचं आहे, खरंय, आणि आपला कोकण विभाग निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो त्यामुळे इथल्या पोरांना नुसतं पास होऊन कुणी पेढा देत नाही, शेजारच्यापेक्षा किती जास्त तेच विचारतात. अशा घरात रोज अर्धा तास तिने काहीतरी खोटं-खोटं लिहिलं आणि त्यात तुम्हाला ओरडायला लावलं तर तिचं डोकं ठिकाणावर राहायला मदतच होईल.

फक्त तो तासभराचा फोन, तेवढं मात्र बघा.

प्रेम दाखवायचं तर किती दाखवायचं? माझी पात्रं सतरा वर्षांची आहेत. शेवटी लग्न दाखवलं तर घरचे पण वाचतील असं वाटतं.
— दापोली

लग्न? अरे बाबा, मुलीला 18 आणि मुलाला 21 पूर्ण लागतात. तुझ्या शेवटच्या प्रकरणात पोलीस आणावे लागतील.

सतराव्या वर्षीचं प्रेम म्हणजे नव्वद टक्के तयारी. काय बोलायचं ते आरशासमोर पाठ करणं, मग ती आली की 'पाऊस आहे नाय' एवढंच बोलणं. जूनमधला पाऊस, एकच छत्री, आणि छत्री त्याच्या काकाची, तिच्यावर काकाच्या पतपेढीचं नाव मोठ्या अक्षरात, ही अडचण मला कुठल्याही मिठीपेक्षा जास्त वाचायची आहे. पोरांना लाज वाटते त्या जागा शोध आणि तिथे घाई करू नकोस. त्यापुढे काही लागत नाही आणि या वयाच्या पात्रांना ते शोभतही नाही.

व्हिलन आणू नकोस असंही सांगते, कारण तुझ्या पानात एक बुलेटवाला दाढीवाला आलाय आणि तो कुठून आला ते त्याला पण माहीत नाही. आपल्याकडे भाऊबंदकी असताना व्हिलन कशाला? दोन घरांमधला गडगा कुणाच्या हद्दीत, त्यावर वाकलेलं आंब्याचं झाड कुणाचं, सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला आणि दोन तर वारलेली. दोन्ही घरं पंधरा वर्षं बोलत नाहीत पण गणपतीत आरतीला एकमेकांकडे जातात, टाळ जोरात वाजवतात आणि न बोलता प्रसाद घेऊन परत येतात. त्या झाडाचा आंबा कोणीच काढत नाही म्हणून दरवर्षी पडून सडतो. एका वर्षी दोन्हीकडची पोरं रात्री आंबे काढायचा झेला घेऊन जातात. कशी पकडली जातात ते तू ठरव, मला आढीतल्या आंब्यांच्या वासावरून आवडेल.

शेवटाचं म्हणशील तर, आपल्याकडे बारावी झाली की निम्मी वाडी स्टँडवर उभी असते, कोण रत्नागिरीला, कोण मुंबईला, कोण पुण्याला. मोठं होणं म्हणजे इथे बॅग भरणंच असतं रे. तिच्या आईने बॅगेत कुळथाचं पीठ, आमसुलं, मेतकूट कोंबलंय, चेन लागत नाही, आणि सोडायला आलेल्यांमध्ये तो पण आहे, पण गडग्यापलीकडच्यांचा म्हणून जरा लांब, गोळ्या-बिस्किटांच्या टपरीशी. चेन लावायला कोण पुढे येतो? तिथे थांब. घरचे वाचतील.

महोदया, निवृत्त शिक्षक आहे, वय 74. किशोरांच्या कथांमधील आजोबा नेहमी प्रेमळ असतात, गोष्टी सांगतात, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात मरतात. हे कधी थांबणार?
— मालगुंड

गुरुजी, दंडवत. लेखकांनो, हे वाचा. यापुढे आजोबा मारायचे असतील तर आधी मला पत्र टाकायचं.

तुम्ही सोबत लिहिलंय की नातवंडांना गोष्टी सांगायला तुम्हाला अजिबात आवडत नाही आणि दुपारी कॅरम खेळताना तुम्ही चिटिंग करता. हे कृपा करून कुणीतरी कादंबरीत घ्या. गुरुजी, तुम्हीच का नाही लिहीत?

ताईच्या वहीत मी लहान भाऊ आहे आणि मी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, पडतो. दोन वेळा. मी खरा एकदाच पडलो होतो. तिने तुम्हाला वीस पानं पाठवलीत ती छापू नका. मी सहावीत आहे.
— गुहागर तालुका

पाकिटावरचा पत्ता आणि पहिल्या प्रश्नाच्या पाकिटावरचा पत्ता एकच आहे हे मी पाहिलं बरं का, शाई पण तीच, तिचं पेन घेतलंयस तू.

छापत नाहीये, पूर्ण झाल्याशिवाय छापतच नाही मी काही. पण तुझी ती दोन वेळा पडण्याची पानं मला फार आवडली, विशेषतः दुसऱ्यांदा पडताना तू दप्तर वर धरतोस ते. ते खरं की तिने घातलेलं? खरं असेल तर शंभर पानांची एक वही घे, पहिल्या पानावर ताईचं नाव बदलून लिही, आणि तिला पऱ्यात पाड. तीन वेळा. झाली की पाठव, पेन परत करून.